जुन्या ईआरपीतून निघण्याआधी घरात काय आवरायचं

तुमचा प्रश्न असा: चाकणला दोन प्लांट, साडेचारशे माणसं, गाड्यांच्या कंपन्यांना लागणारे टर्निंगचे सुटे भाग. २००८ पासून सॅपचं ईसीसी ६.० हे ईआरपी, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, चालू आहे. आता एस/४ हाना या सॅपच्या नव्या सिस्टीमवर जायचं व्यवस्थापनाने ठरवलंय आणि अकाउंट्समधून उचलून तुम्हाला प्रकल्पप्रमुख केलंय. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: जुनी सिस्टीम आहे तशी रूपांतरित करावी की कोऱ्या पाटीवर नव्याने उभी करावी, एकूण किती महिने धरावेत, आणि १ एप्रिलला गो-लाइव्ह, म्हणजे नव्या सिस्टीमवर प्रत्यक्ष काम सुरू, करावं का.

तिन्हींकडे येतो. पण तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, की सल्लागार कंपनी ठरली की तयारी सुरू करू. खरी अडचण तिथे आहे. तुमच्या कंपनीत आज काम नेमकं कसं चालतं, हे कुठेही एका जागी लिहिलेलं नाही. काही नियम झेड प्रोग्रॅममध्ये (कंपनीने सॅपवर स्वतःसाठी लिहून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये) गाडलेले आहेत, काही एक्सेलच्या शीटमध्ये, आणि बरेचसे स्टोअर, प्लॅनिंग आणि डिस्पॅचमधल्या चार-पाच जणांच्या डोक्यात. सल्लागार नवी सिस्टीम बसवून देतील. हा पसारा मात्र त्यांना आवरता येत नाही, कारण काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवण्याचा अधिकार आणि माहिती दोन्ही तुमच्याकडे आहे. ते आल्यावर हे काम काढलंत तर त्यांचं दिवसाचं बिल चालू राहतं आणि तुमची माणसं जुने कोड शोधत बसतात.

आधी मुदत. ईसीसी ६.० च्या एन्हान्समेंट पॅकेज ६ ते ८ ला सॅपचा नेहमीचा मेंटेनन्स २०२७ च्या अखेरपर्यंत आहे. त्यानंतर जादा पैसे भरून २०३० च्या अखेरपर्यंत वाढवून घेता येतो. पॅकेज ५ किंवा त्याखालच्यांचा मेंटेनन्स २०२५ अखेर संपला. तुमचं कुठलं आहे ते सिस्टीम मेनूतल्या स्टेटसमध्ये दिसतं, आजच बघून ठेवा. मुदत संपली म्हणून दुसऱ्या दिवशी सिस्टीम बंद पडत नाही. पण कायद्यातल्या बदलांसाठी येणारे पॅच थांबतात, आणि जीएसटी, टीडीएस दरवर्षी काही ना काही बदलत असताना भारतातल्या कंपनीला ते परवडत नाही.

आता रूपांतर की नव्याने. याचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. जुना डेटा किती विश्वासार्ह आहे, तुमचे झेड प्रोग्रॅम किती आणि त्यातले खरोखर वापरात किती, आणि २००८ ची रचना आजच्या धंद्याला बसते का. त्या वेळी एक प्लांट होता आणि दुसरा नंतर कसाबसा जोडला असेल, कॉस्ट सेंटर आणि प्रॉफिट सेंटरची आखणी कालबाह्य झाली असेल, तर रूपांतर करून तुम्ही जुनी अडगळच नव्या घरात नेता. उलट रचना ठीक असेल आणि ग्राहकांच्या ऑडिटसाठी बॅचचा जुना इतिहास रोज लागत असेल, तर रूपांतर स्वस्त आणि कमी धोक्याचं. मधला मार्गही आहे: रचना नवी, पण निवडक इतिहास सोबत न्यायचा. त्याला वेगळी साधनं आणि अनुभवी माणसं लागतात, म्हणून तुमच्या आकाराच्या कंपनीला मी तो शेवटचा पर्याय म्हणून ठेवेन. दोन प्लांट आणि सतरा-अठरा वर्षांचा साठा पाहता माझा कल नव्याने उभारण्याकडे आहे, पण खालच्या याद्या हातात येईपर्यंत निर्णय रोखून धरा. दोन्ही मार्गांना त्या याद्या लागतातच.

पहिली यादी झेड प्रोग्रॅमची. सिस्टीममध्ये वापराची नोंद ठेवणारी सोय आहे, तिचं नाव एससीमॉन. बेसिसच्या, म्हणजे सॅपचं तांत्रिक काम बघणाऱ्या, माणसाकडून ती आज चालू करून घ्या, कारण तिला मागचं दिसत नाही, चालू केल्यापासूनचंच दिसतं. महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि शक्यतो ३१ मार्च तिच्या कक्षेत यायला हवा. एखादा प्रोग्रॅम वर्षातून एकदाच चालतो आणि नेमका तोच वैधानिक ऑडिटरला लागतो. तीन महिन्यांच्या नोंदीवर निकाल लावला तर तो निरुपयोगी ठरून कापला जाईल. सोबत सॅपचा रेडीनेस चेक (सिस्टीम एस/४ साठी किती तयार आहे ते सांगणारा) चालवा आणि एटीसी या सॅपच्या कोड तपासणाऱ्या साधनातून झेड कोडची तपासणी करा. एस/४ मध्ये जुनी कितीतरी टेबलं एकत्र झाली आहेत. मालाच्या हालचाली मॅटडॉकमध्ये गेल्या, फायनान्स आणि कॉस्टिंगच्या नोंदी अकडोकामध्ये. मटेरियल नंबर १८ ऐवजी ४० अक्षरांचा होऊ शकतो. जुन्या टेबलात थेट लिहिणारा किंवा १८ अक्षरं गृहीत धरणारा कोड तिथे अडतो, आणि कुठे अडेल ते ही तपासणी ओळीनिशी सांगते.

प्रत्येक झेड प्रोग्रॅमपुढे विभागप्रमुखाने तीनपैकी एक शेरा द्यायचा: बंद, स्टँडर्डमध्ये भागेल, ठेवायलाच हवा. तिसरा शेरा दिला तर कारण लिहायचं. 'आम्हाला सवय आहे' हे कारण धरायचं नाही. 'ग्राहकाच्या पोर्टलला हाच फॉरमॅट लागतो' हे धरायचं. सवयीसाठी सॉफ्टवेअर वाकवलं की काय होतं याचं मोठं उदाहरण लिडल या जर्मन रिटेल साखळीचं. साठ्याचं मूल्य खरेदी किमतीने धरायची त्यांची पद्धत होती, सॅपचं रिटेल सॉफ्टवेअर विक्री किमतीने धरत होतं. पद्धत सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअर बदलत गेले, आणि सात वर्षांनी, २०१८ मध्ये, सुमारे ५० कोटी युरो खर्चून प्रकल्प गुंडाळला.

दुसरी यादी एक्सेलची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची. प्रत्येक विभागात जाऊन एकच विचारा: ही सिस्टीम असताना तुम्ही आणखी कुठे लिहून ठेवता? प्लॅनिंगचं शेड्यूल एक्सेलमध्ये, टूल लाइफ डायरीत, रिजेक्शन क्वालिटीच्या लॅपटॉपवर, वेंडरचे दर खरेदीच्या वहीत, असं निघत जाईल. एकेक शीट म्हणजे जुनी सिस्टीम कुठे कमी पडली याची खूण. नव्या सिस्टीमची मागणीपत्रिका या शीटमधून लिहा. डेमो पाहून लिहू नका.

तिसरी यादी जोडण्यांची. वजनकाटा, बारकोड स्कॅनर, लेबल प्रिंटर, हजेरीयंत्र आणि पगार, बँकेला जाणारी पेमेंट फाइल, ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल, ग्राहकाच्या पोर्टलवर जाणारं एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना). प्रत्येकापुढे लिहा: डेटा कोण पाठवतं, कुठल्या स्वरूपात, दिवसातून किती वेळा, आणि बंद पडलं तर किती तासांत डिस्पॅच थांबतो. शेवटच्या रकान्यावरून टेस्टिंगचा क्रम ठरतो. लेबल प्रिंटर क्षुल्लक वाटतो, पण ग्राहकाच्या लेबलवरचा क्यूआर कोड एका अक्षराने चुकला तर गाडी त्यांच्या गेटवरून परत येते.

आता डेटा. तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जाणार आहे. आयटीकडे हे काम सोपवण्याची चूक जवळपास सगळीकडे होते. मटेरियल मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची कोडवार मूळ यादी, घ्या. मेंटेनन्सच्या स्पेअरमध्ये '६२०४ झेडझेड', 'बेअरिंग ६२०४', '६२०४ २आरएस' आणि '६२०४ झेडझेड सी३' असे चार कोड सापडतील. पहिल्या दोनांची माहिती पाहिली तर तोच बेअरिंग दोनदा चढलेला दिसेल. पण २आरएस म्हणजे रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, आणि सी३ म्हणजे आत जास्त मोकळीक, म्हणजे हे खरोखर वेगळे. मापं तिन्हींची सारखीच, २० बाय ४७ बाय १४. आयटीवाल्याने नावं जुळवून ते एकत्र केले, तर उद्या गरम चालणाऱ्या स्पिंडलवर चुकीचा बेअरिंग चढेल. हा निवाडा मेंटेनन्सच्या फोरमननेच करायचा. आयटीने फक्त संशयित जोड्या काढून द्यायच्या. ज्या कोडला दोन वर्षांत हालचाल नाही, साठा नाही आणि उघडी ऑर्डर नाही, तो नव्या घरात न्यायचा नाही, एवढा नियम सुरुवातीलाच मंजूर करून घेतला की ढीग बराच कमी होतो.

बॉमकडे (एका नगाला कुठला माल किती लागतो त्या यादीकडे) त्याहून बारकाईने बघा. एकच भाग जवळून पाहू. १० मिलिमीटर व्यासाच्या गोल बारपासून १२० मिलिमीटर लांबीची पिन. बारचं वजन मीटरला ०.६१७ किलो. बॉममध्ये कुणीतरी ड्रॉइंगवरची लांबी धरून ०.०७४ किलो टाकलंय. पण करवत दर कटाला ३ मिलिमीटर खाते, म्हणजे नगाला १२३ मिलिमीटर. सहा मीटरच्या बारमधून ४८ नग निघतात आणि ९६ मिलिमीटरचा तुकडा उरतो, तो भंगारात जातो. प्रत्यक्षात एका नगाला १२५ मिलिमीटर, म्हणजे ०.०७७ किलो लागले. फरक तीन ग्रॅमचा. महिन्याला एक लाख नग झाले की तीनशे किलोंहून जास्त पोलाद कागदावर शिल्लक दिसतं आणि रॅकवर नसतं. आज हा फरक स्टोअरचा माणूस महिनाअखेरीला स्टॉक ॲडजस्टमेंट मारून मिटवतो, म्हणून तो कुणाला जाणवत नाही. नव्या सिस्टीममध्ये उत्पादनाची नोंद पडताच बॉमप्रमाणे माल आपोआप वजा होणार आणि एमआरपी, म्हणजे मालाची गरज काढणारा सिस्टीमचा हिशेब, त्या शिलकीवर विसंबून खरेदी सुचवणार. मग तिसऱ्या आठवड्यात बार संपतो, सिस्टीम म्हणते आहे, आणि दोष नव्या सॉफ्टवेअरला लागतो.

म्हणून सगळे बॉम एकदम तपासायला घेऊ नका. गेल्या बारा महिन्यांच्या डिस्पॅचच्या किमतीप्रमाणे भाग उतरत्या क्रमाने लावा. वरचे साठ-सत्तर भाग बहुतेक धंदा व्यापतात. त्या प्रत्येकाचा एक बार किंवा एक लॉट प्रत्यक्ष मोजून घ्या: कच्चा माल किती, नग किती, तुकडा किती, चीप (यंत्रावर निघणारा कीस) किती. राउटिंगमधला (कामाच्या पायऱ्यांच्या यादीतला) सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळही, त्याच फेरीत घड्याळ लावून घ्या. एकक तपासायचंच: खरेदी टनात, स्टोअर किलोत, शॉपफ्लोअर नगात असेल तर रूपांतराचा आकडा प्रत्येक व्यासाला वेगळा असतो, आणि तो एकाच जागी, मटेरियल मास्टरमध्ये हवा.

वेंडर आणि ग्राहक एस/४ मध्ये 'बिझनेस पार्टनर' या एकाच साच्यात येतात. रूपांतराच्या मार्गाने गेलात तर हे काम जुन्या सिस्टीममध्येच आधी पुरं करावं लागतं, त्याशिवाय पुढची पायरी उघडत नाही. तुमच्याकडे जो प्लेटिंगवाला वेंडर आहे आणि भंगारही विकत घेतो, तो एक पार्टनर आणि त्याच्या दोन भूमिका. जोड्या शोधायला पॅन वापरा. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा असतो: पहिली दोन राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन. एक्सेलमध्ये ही दहा अक्षरं वेगळी काढून पॅनच्या रकान्याशी ताडून पाहिली, आणि पहिली दोन पत्त्यातल्या राज्याशी, की निम्म्या चुका अर्ध्या तासात समोर येतात. त्याच वेळी सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे उद्यम नोंदणी क्रमांक भरून घ्या. लेखी करार असला तरी त्यांचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि मुदत चुकली तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजावटीला मिळत नाही. ही मुदत नव्या सिस्टीमने मोजायची असेल तर वेंडरची उघडी बिलं एकरकमी शिल्लक म्हणून चढवायची नाहीत. प्रत्येक बिल वेगळं, मूळ तारखेसह.

मूळ तारखेचा हाच मुद्दा जॉबवर्कला जास्त लागू आहे, म्हणून इथे थांबतो. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगला बाहेर गेलेला माल सीजीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे वर्षभरात परत यायला हवा, भांडवली वस्तू तीन वर्षांत. डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना ती मुदत नाही. परत आला नाही तर माल पाठवल्याच्या दिवशीच विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. कटओव्हरच्या, म्हणजे जुन्यावरून नव्या सिस्टीमवर जाण्याच्या, रात्री घाईत वेंडरकडचा साठा 'आजच्या तारखेने' एकगठ्ठा चढवला जातो, आणि दहा महिने जुनं चलन नव्या सिस्टीममध्ये कोरं करकरीत दिसू लागतं. दोन महिन्यांनी मुदत उलटते आणि इशारा कुणालाच मिळत नाही. चलनागणिक यादी करा: चलन क्रमांक, मूळ तारीख, भाग, पाठवलेले नग, परत आलेले, उरलेले. मग जॉबवर्करकडे माणूस पाठवून उरलेले नग प्रत्यक्ष मोजून सही घ्या. जुने फरक इथेच निघतात, आणि ते जुन्या सिस्टीममध्येच मिटवायचे असतात. कटओव्हरआधी जेवढी चलनं बंद होतील तेवढी करून टाका.

करांच्या रचनेबद्दल. २००८ ची सिस्टीम म्हणजे तुमच्याकडे बहुधा टॅक्सइनजे ही जुनी, फॉर्म्युल्यावर चालणारी कररचना असेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी तीच ओढून-ताणून वापरली. एस/४ मध्ये ती चालत नाही, कंडिशनवर चालणारी टॅक्सइनएन लागते. रूपांतर करणार असाल तर हा बदल स्वतंत्र छोटा प्रकल्प समजून आधी उरका, कारण उघड्या पीओवरचे (खरेदीच्या ऑर्डरवरचे) टॅक्स कोड तपासावे लागतात. नव्याने उभारणार असाल तर थेट टॅक्सइनएन येईल, तुम्हाला फक्त भागागणिक एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) आणि दरांची खात्रीची यादी द्यायची आहे. पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना सहा अंकी एचएसएन लागतो.

तुम्ही अकाउंट्सचे आहात, त्यामुळे पुढचं लवकर समजेल. जीआर/आयआर खातं (माल आला पण बिल बसलं नाही, किंवा उलट, अशा रकमांचं) आत्तापासून रिकामं करत आणा. पीओ हजार नगांचा, माल आला सहाशेचा, बिल आलं चारशेचं: असे अर्धवट पीओ सगळ्यात त्रास देतात. दोनशेचं बिल मागवून बसवा किंवा माल आला नसल्यास नोंद उलटवा, मग नव्या सिस्टीममध्ये उरलेल्या नगांचाच कोरा पीओ जातो, बिल बसवलं तर चारशेचा, नोंद उलटवली तर सहाशेचा. पाच वर्षांपासून पडून असलेले डेबिट-क्रेडिट, सस्पेन्स खाती, जुळणी न झालेली बँक यांचा निकाल लावा. मालमत्तेच्या रजिस्टरची लेजरशी जुळणी करा, शक्य तर यंत्रांवर टॅग लावून प्रत्यक्ष पडताळा, कारण एस/४ ची नवी ॲसेट अकाउंटिंग विसंगती पोटात घेत नाही. रूपांतराच्या मार्गात या विसंगती कधी कधी आठ-दहा वर्षांपूर्वीच्या निघतात आणि एकेकीचं स्पष्टीकरण लिहून ठेवावं लागतं. वैधानिक ऑडिटरला पहिल्या महिन्यातच सामील करा. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल बंधनकारक आहे, आणि तो नव्या सिस्टीममध्ये कुठल्या टेबलांवर चालू राहणार हे त्यांना आधी दाखवलेलं बरं.

इथवरचं एका ओळीत: तीन याद्या, चार मास्टर, उघड्या नोंदींची साफसफाई. यासाठी तुमच्या आकाराला चार ते सहा महिने लागतील. त्यानंतर प्रत्यक्ष प्रकल्प नऊ ते बारा महिने. कमीत सांगणारे भेटतील, त्यांना फक्त एवढं विचारा की डेटाची साफसफाई त्या महिन्यांत धरली आहे का आणि ती कोण करणार.

कोण करणार, हा तयारीतला सगळ्यात अवघड भाग. प्रत्येक विभागातून एक की युजर, म्हणजे विभागातर्फे प्रकल्पात काम करणारा जाणकार, लागतो, आणि तो तोच असतो ज्याला सोडायला विभागप्रमुख तयार नसतो. 'थोडा मोकळा आहे' म्हणून दिलेला माणूस घेऊ नका. स्टोअर, प्लॅनिंग, खरेदी, डिस्पॅच, क्वालिटी आणि अकाउंट्स मिळून सहा-सात जण, तयारीत अर्धा दिवस आणि टेस्टिंगच्या काळात पूर्णवेळ. त्यांच्या रोजच्या कामाला बदली माणूस मंजूर करून घ्या, त्याचा खर्च प्रकल्पाच्या बजेटमध्ये दाखवा. बदली नसेल तर हे लोक रात्री आठला प्रकल्पाचं काम उघडतात आणि दोन महिन्यांत थकतात. शिवाय मतभेद तोडणारा एक अधिकारी लागतो, तोही संचालक पातळीचा. स्टोअर आणि उत्पादन यांच्यात 'माल कधी इश्यू झाला असं धरायचं' हा वाद सल्लागाराने सोडवायचा नसतो.

ट्रेनिंग मराठीत करा. स्क्रीन इंग्रजीत असली तरी कामाची पुस्तिका मराठीत, स्क्रीनच्या चित्रांसह, एका कामाला जास्तीत जास्त दोन पानं. स्टोअरच्या माणसाला त्याच्याच बारचं, त्याच्याच वेंडरचं जीआर (माल आल्याची नोंद) करायला लावा, सॅपच्या डेमो कंपनीतल्या काल्पनिक सायकलींचं नको. आणि रात्रपाळी विसरू नका. रात्री दोनला लेबल निघालं नाही तर कुणाला फोन करायचा, हे भिंतीवर लावलेलं असावं.

आता १ एप्रिल. अकाउंट्सला ही तारीख आवडते, कारण नव्याने उभारताना नफा-तोट्याची खाती शून्यापासून सुरू होतात. वर्षाच्या मध्ये सुरू केलंत तर तोवरचे आकडे, घसारा आणि टीडीएसच्या चालू बेरजा चढवाव्या लागतात. पण ३१ मार्चला तुमचेच लोक वर्षअखेर, फिजिकल स्टॉक आणि ऑडिटमध्ये बुडालेले असतात, आणि गाड्यांच्या कंपन्यांचं मार्चचं शेड्यूलही भरगच्च असतं. माझं मत १ जुलै. तिमाही पूर्ण झालेली, चढवायचे आकडे तीनच महिन्यांचे, आणि सणासुदीच्या मागणीला अजून वेळ. १ ऑक्टोबर टाळा. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत नवी सिस्टीम सुरू केली, त्यांचा हंगाम म्हणजे हॅलोविन आणि नाताळ ऐन तोंडावर होता, आणि गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डर पुऱ्या करता आल्या नाहीत. तुमचा ऐन हंगाम दसरा-दिवाळी. रूपांतराचा मार्ग घेतलात तर वर्षाच्या आकड्यांचा प्रश्नच येत नाही, इतिहास सोबतच येतो. मग ग्राहकाचा शटडाउन असेल तो आठवडा पकडा.

कटओव्हरची तालीम तीनदा करा, आणि तिन्ही वेळा घड्याळ लावून. पहिल्या तालमीत डेटा चढतो का एवढंच पाहायचं. दुसऱ्यात जुळतो का: साठ्याची किंमत लेजरशी, वेंडरची बेरीज कंट्रोल खात्याशी, ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत. तिसऱ्यात शुक्रवारी संध्याकाळच्या शेवटच्या डिस्पॅचपासून सोमवारच्या पहिल्या शिफ्टपर्यंतचं सगळं वेळापत्रक जसंच्या तसं. तिसऱ्यात साठ तास लागत असतील आणि हाताशी छप्पनच असतील, तर तारीख पुढे ढकला. एखाद्या पायरीला कात्री लावून वेळ जुळवू नका, कारण कापली जाते ती नेहमी पडताळणी.

त्या शनिवार-रविवारसाठी ग्राहकांकडे किंवा बाहेरच्या गोदामात दोन-तीन दिवसांचा जादा माल आधी पोचवा. इन्व्हॉइस क्रमांकाची नवी मालिका ठरवा: तो सोळा अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो, म्हणून वर्षाच्या मध्ये जुन्याच मालिकेत पुन्हा एकपासून सुरू करता येत नाही. क्रमांकाआधीची नवी अक्षरं ग्राहकाच्या पोर्टलला चालतात का ते महिनाभर आधी विचारा. आणि सोमवारी सिस्टीममधून ई-इन्व्हॉइस निघालंच नाही तर काय, याची सोय करा. आयआरएनशिवाय (सरकारी पोर्टल देतं त्या इन्व्हॉइस नोंदणी क्रमांकाशिवाय) तुमचं इन्व्हॉइस वैध नाही, त्यामुळे हाताने बिल फाडून गाडी सोडता येणार नाही. एनआयसीच्या, म्हणजे सरकारी ई-इन्व्हॉइसच्या, पोर्टलवरचं ऑफलाइन साधन एका लॅपटॉपवर तयार ठेवा, त्याला वेगळी छोटी मालिका द्या, आणि डिस्पॅचच्या दोघांकडून त्याचा सराव करून घ्या. चुकलेला आयआरएन २४ तासांतच पोर्टलवर रद्द होतो, हेही त्या लॅपटॉपशेजारी लिहून चिकटवा.

सल्लागार कंपनीशी करार करताना एक कलम सोडू नका: गो-लाइव्हनंतर त्यांची माणसं प्लांटवर किमान दोन महिनाअखेर होईपर्यंत. पहिली महिनाअखेर सगळेच जोर लावून काढतात, घोळ दुसऱ्यात कळतो, जेव्हा कॉस्टिंगचे आकडे पहिल्याशी ताडून बघता येतात.

आणि जुनी सिस्टीम. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. नव्याने उभारलंत तर जुनं ईसीसी फक्त वाचण्यापुरतं चालू ठेवावं लागेल. त्याचा सर्व्हर आधीच जुना असेल, म्हणून ते व्हर्च्युअल मशीनवर हलवून, लायसन्सचं सॅपशी लेखी ठरवून, गो-लाइव्हआधीच एकदा बॅकअपवरून दुसऱ्या मशीनवर उभं करून बघा. तिथे लॉगिन करून २०१९ चं एखादं जॉबवर्क चलन आणि त्याचं बिल छापून काढा. ते निघालं की मगच जुन्या सर्व्हरचा मेंटेनन्स करार संपवा.